जलरोधक आई

आमच्या सामायिक शिल्पशाळेत त्रिमिती छपाईचे यंत्र बसवण्याचा ठराव एकमताने संमत झाला, तेव्हा त्या यंत्राने नेमके काय करायचे हा प्रश्न कुणीही विचारला नाही, हे मी चिटणीस या नात्याने अभिमानाने नमूद करतो. प्रश्न विचारले की एकमत होत नाही, असा आमचा अनुभव आहे. पलीकडच्या शिल्पशाळेत असे यंत्र आले होते. मग आपल्याकडे का नाही, एवढाच मुद्दा अध्यक्षांनी मांडला आणि तो सर्वांना पटला, कारण पलीकडच्या शिल्पशाळेचा हेवा हा आमच्याकडचा सर्वांत जुना कलाप्रवाह आहे.

यंत्राला जागा हवी होती. कोपऱ्यात मातीकाम भाजायची भट्टी होती, ती काढली. गल्लीच्या टोकाचा कौलवाला ती टेम्पोत घालून घेऊन गेला आणि जाताना आमचे आभार मानून गेला. मग कळले की यंत्राला धूळ चालत नाही, म्हणून दगडकाम बंद केले. भुसा चालत नाही, म्हणून लाकूडकाम बंद केले. प्लास्टर तर नुसते बघितले तरी उडते, म्हणून साच्यांच्या खोलीला कुलूप लावून तिथे संगणक मांडले. ओलही चालत नाही असे समजल्यावर मातीकाम करणाऱ्यांनी शक्यतो कोरडे मातीकाम करावे, अशी सूचना फळ्यावर लावण्यात आली. शिल्पशाळा इतकी स्वच्छ झाली की एका पाहुण्याने आत येऊन डॉक्टर किती वाजता बसतात असे विचारले. आम्हाला धन्य वाटले.

यंत्र चालवायला अध्यक्षांनी आपला भाचा नेमला. त्याला यंत्राची माहिती होती असे नाही. पण त्याला यंत्राची भीती वाटत नव्हती, आणि एवढी पात्रता आमच्यात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला समजावून सांगितले की या यंत्रात वस्तू घालायची नसते, फाइल घालायची असते. वस्तूभोवती प्रकाश फिरवायचा, तिची फाइल करायची, आणि फाइलीवरून यंत्र पुन्हा वस्तू करते. यावरून समितीने नियम केला: जिची फाइल नाही ती कलाकृती नाही.

पहिला मान फुलदाणीवाल्यांना मिळाला. हे गृहस्थ आयुष्यभर फुलदाण्याच करत आले आहेत. त्यांच्या फुलदाणीची फाइल होताच पडद्यावर तांबडी अक्षरे आली: ‘आकार जलरोधक नाही. छिद्र आढळले. दुरुस्त करू?’ या यंत्राला सगळीकडून बंद असलेला आकार लागतो, कुठे उघडे दिसले की त्याचा गोंधळ उडतो. आणि अशा बंद आकाराला त्या शास्त्रात जलरोधक म्हणतात. भाच्याने ‘होय’ दाबले. फुलदाणी बाहेर आली ती वरून बंद. फुलदाणीवाल्यांनी आधी आकाशपाताळ एक केले. पण अध्यक्षांनी ती प्रदर्शनात ठेवली, आणि एका समीक्षकाने तिच्यात ‘फुलांना दिलेला ठाम नकार’ पाहिला. तेव्हापासून फुलदाणीवाले फक्त बंद फुलदाण्या करतात. घरी फुले बादलीत ठेवावी लागतात, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार आहे.

अशा सुरळीत चाललेल्या कामात ताईंनी विघ्न आणले.

ताई आमच्याकडच्या सर्वांत जुन्या मातीकाम करणाऱ्या. सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेले अध्यक्षसुद्धा. ठरावाच्या सभेला त्या पाठदुखीमुळे आल्या नव्हत्या. एकमत झाले ते त्यामुळेच. त्यांची आई फार लवकर वारली. धाकटा भाऊ तेव्हा इतका लहान होता की त्याला आईचा चेहराच आठवत नाही. त्याला ताईंनीच वाढवले. आता तो दूरच्या शहरात असतो, आणि दर भेटीत एकच विचारतो, “ताई, आई दिसायची कशी गं?” ताई सांगायच्या, पण चेहरा सांगून कळत नाही. म्हणून त्यांनी आईचे डोके मातीत घडवायला घेतले. कितीदा केले, कितीदा मोडले. अखेर ते मनासारखे झाले: हसणारी आई, पुढच्या दोन दातांमध्ये ठसठशीत फट. त्या फटीतून आई शिटी वाजवायची आणि गल्लीत खेळणाऱ्या मुलांना घरी बोलवायची. म्हणून बाकी काही चुकले तरी चालेल पण फट चुकता कामा नये, असा ताईंचा हट्ट होता.

ते डोके ओल्या फडक्यात गुंडाळून त्या एके दिवशी सकाळी शिल्पशाळेत आल्या आणि रिकाम्या कोपऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

“भट्टी कुठंय?”

“ताई, आता भट्टीची गरज नाही,” मी म्हणालो. “यंत्र आलंय.”

“ते भाजतं?”

“छापतं.”

“अहो, कच्ची माती आहे ही. वाळली की तडकणार. धाकट्याला द्यायचंय मला.”

“ताई, आधी फाइल करू,” भाचा उत्साहाने म्हणाला. “एकदा फाइल झाली की आई अमर.”

ताईंनी नाइलाजाने फडके सोडले. भाच्याने डोक्याभोवती प्रकाश फिरवला. पडद्यावर राखाडी आई उमटली आणि लगोलग तिच्या चेहऱ्यावर तांबडे ठिपके लुकलुकायला लागले.

“ताई, तुमच्या आईला भोकं आहेत,” भाचा म्हणाला.

“असणारच. माणूस होती ती.”

“नाकातच दोन आहेत.”

“मग श्वास कशानं घेणार?”

भाच्याने थोडा विचार केला. “पण त्या वारल्यात ना?”

प्रश्न तसा रास्त होता. परंतु यंत्राकडे एक स्वतःचा नमुना-चेहरा असतो, आणि त्यालाही नाकपुड्या होत्या, त्यामुळे त्या ‘मान्य छिद्रे’ म्हणून राखता आल्या. कानांचेही निभावले. उरली दातांमधली फट. तिच्यात प्रकाश पोचत नव्हता, आणि जिथे प्रकाश पोचत नाही तिथे काहीतरी राहून गेले आहे असे यंत्र धरून चालते. पडद्यावर अक्षरे आली: ‘दोष दुरुस्त करू?’ खाली दोन पर्याय होते, ‘होय’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ हा पर्याय नव्हता.

“‘नंतर विचारा’ दाब,” ताई म्हणाल्या.

भाच्याने दाबले. यंत्राने ताबडतोब नंतर विचारले.

असे बराच वेळ चालले. शेवटी भाच्याचे बोट दमले आणि चुकून ‘होय’वर पडले. फट बुजली. फट बुजल्यावर वरचा ओठ यंत्राला उगाच उचललेला वाटला, तो खाली आणला. ओठ खाली आल्यावर गालांवरच्या वळ्यांना कारण उरले नाही, त्या पुसल्या. गाल सपाट झाल्यावर डाव्या डोळ्याची झुकलेली पापणी एकटीच नजरेत भरायला लागली, ती उजवीसारखी केली. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीमुळे आवश्यक ठरली होती, त्यामुळे दोष कुणालाच देता येईना. अखेर हिरवी अक्षरे आली: ‘अभिनंदन. आकार जलरोधक आहे.’

ताई पडद्याकडे पाहत राहिल्या. “ही कोण?”

“आई,” भाचा म्हणाला.

“कुणाची?”

याचे उत्तर यंत्राच्या कक्षेत येत नसल्याने प्रकरण समितीकडे आले.

समितीची बैठक खेळीमेळीत पार पडली. अध्यक्षांचा स्वतःचा अर्धपुतळा याच यंत्रावर झाला होता. देवाने त्यांना हनुवटी दिली नव्हती, ती यंत्राने दिली होती, आणि तेव्हापासून त्यांची यंत्रावर अढळ श्रद्धा बसली होती. अर्धपुतळा आणि ताईंची सुधारलेली आई मिशी सोडून बरीचशी सारखी दिसत होती, पण ते कुणी बोलून दाखवले नाही.

“ताई, फट होती याला पुरावा काय?” अध्यक्षांनी विचारले.

“मला आठवतंय ना.”

“आठवणीची फाइल आहे?”

ताईंनी सरळ तोंड उघडले. त्यांच्याही पुढच्या दोन दातांमध्ये तशीच फट होती. “ही बघा. तिच्याकडूनच आलीय.”

भर बैठकीत तोंड उघडणे आमच्या परंपरेत बसत नाही. तरी आम्ही सर्वांनी वाकून पाहिले.

“ही तुमची झाली,” अध्यक्ष म्हणाले. “आईची दाखवा.”

“ताई, मलाही आधी त्रास झाला,” फुलदाणीवाले मायेने म्हणाले. “पण बुजवण्यात एक वेगळीच ताकद असते. लोकांना आवडतं. तुम्ही थोडा धीर धरा.”

शेवटी असे ठरले की आईचा एखादा फोटो असल्यास सादर करावा. आईचा फोटो एकच होता आणि तो धाकट्याकडे होता. ताईंनी सांगताच त्याने तो मोबाइलवर पाठवला. त्यात आई हसत होती, हे डोळ्यांवरून कळत होते. पण तोंडावर हात होता. फटीची तिला लाज वाटायची. मुलांपुरती ती मोकळी होती, फोटोसाठी नव्हती. भाच्याने फोटो यंत्राला दाखवला. यंत्र म्हणाले: ‘हात हा अडथळा आहे. काढू?’ या वेळी भाच्याने बोटाला त्रासच दिला नाही, पहिल्या झटक्यात ‘होय’ दाबले.

हात गेला. खाली दात होते. सगळे होते, आणि एका रांगेत होते. म्हणजे आता पुरावा मिळाला होता, फक्त तो ताईंच्या विरुद्ध होता. आणि भाचा मनाने चांगला असल्यामुळे त्याने तो सुधारित फोटो धाकट्यालाही पाठवून दिला.

धाकट्याचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे तिथेच होतो. त्याचा आवाज इतका मोठा होता की ऐकू येऊ नये म्हणून आम्हाला काही करता आले नाही.

“ताई, आई हसतेय गं! माझ्याकडच्या फोटोत तर तोंडावर हात आहे. हा कुठून काढलास? मी मघापासून नुसता रडतोय.”

आयुष्यात पहिल्यांदा आईला हसताना बघणाऱ्या भावाला ती हसणारी बाई आपली आई नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचे? तरी ताईंनी प्रयत्न केला. “अरे, त्यात फट नाहीये.”

“कसली फट?”

“तिच्या दातांत होती. शिटी वाजवायची ना त्यातून...”

“ताई, फोटोत तर नाहीये.” तो जरा थांबला, मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “अगं, तुला तुझीच आठवत असेल. एवढी वर्षं आरशात बघतेस ना.”

ताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ मातीच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारत बसल्या. एवढी वर्षे जपलेली एकच गोष्ट ज्याच्यासाठी जपली त्यानेच परत केल्यावर माणूस दुसरे काय करणार? ओल यंत्राला चालत नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सांगितले.

पुरावा हाती आल्यामुळे समितीचा मार्ग मोकळा झाला. मूळ वस्तू आणि फाइल यांत तफावत आढळल्यास मूळ वस्तू सदोष समजावी, असा ठराव झाला. छापील आईचे अनावरण करून ती धाकट्याच्या हवाली करावी, आणि मातीची आई त्यानंतर मातीच्या पिंपात परत टाकावी, म्हणजे माती वाया जाणार नाही, असेही ठरले. ताईंनी विरोध नोंदवला. तो त्यांनी तोंडी नोंदवल्यामुळे नोंद झाली नाही.

अनावरणाला बरीच गर्दी झाली. पलीकडच्या शिल्पशाळेलाही आवर्जून बोलावले होते, त्यांनी बघावे म्हणून. धाकटा नवीन शर्ट घालून आला होता आणि फडके दूर होण्याआधीच त्याचे डोळे भरून आले होते. अध्यक्षांनी फडके ओढले. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, कुठेही उघडी नसलेली आई दिव्यांखाली चकाकू लागली. टाळ्या झाल्या.

“ही नुसती आई नाही,” अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले, “ही दोषमुक्त आई आहे!”

धाकटा जवळ गेला. त्याने छापील गालावरून हात फिरवला, आणि मग हात तसाच ठेवून उभा राहिला. पुढे काय वाटायला हवे ते त्याला आठवत नसावे. फोटोवाल्याने त्याला जरा उजवीकडे सरकायला सांगितले. तो सरकला.

ताई पार मागे, भिंतीशी होत्या. शेजारच्या स्टुलावर मातीचे डोके ओल्या फडक्यात होते. त्यांना पुढे बोलवावे की नाही याचा मी विचार करत होतो, इतक्यात त्यांनी जिभेचे टोक दातांमागे लावले आणि शिटी वाजवली. एक लांब, एक आखूड. शिटी कसली, घरातून हाक मारल्यासारखी होती.

“आलो गं!” धाकटा ओरडला.

आपण ओरडलो हे त्याला ओरडून झाल्यावर कळले. तो वळला होता, आणि वळला तो चालायलाच लागला होता. गर्दीतल्या लोकांना कोपराने बाजूला सारत, नवीन शर्टाची पर्वा न करता, उशीर झाला म्हणून आता बोलणी बसणार अशा चेहऱ्याने तो मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबला. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर घरी जावेसे वाटले. पण सूत्रसंचालन माझ्याकडे होते.

धाकट्याने स्वतःच फडके सोडले. मातीची आई हसत होती. त्याने वाकून पाहिले आणि करंगळी दोन दातांमधल्या फटीवर ठेवली.

“इथून यायची ना गं ती?”

“इथूनच.”

“मग तू आधी का नाही वाजवलीस?”

“तू फोटो बघत होतास ना,” ताई म्हणाल्या, आणि मग दोघेही भर कार्यक्रमात रडायला लागले. अशा प्रसंगासाठी कार्यक्रमपत्रिकेत वेळ राखून ठेवलेला नव्हता. मी प्रमुख पाहुण्यांना भाषणाला बोलावले.

“अहो, फोटो राहिलाय!” अध्यक्ष हाका मारत होते. पण बहीणभाऊ मातीचे डोके ओल्या फडक्यासकट उचलून केव्हाच बाहेर पडले होते. मागाहून कळले की ते तडक गल्लीच्या टोकाला गेले, आणि कौलवाल्याने आमच्याच जुन्या भट्टीत कौलांच्या जोडीला ते डोके भाजून दिले. भाजताना एका कानाला चीर गेली म्हणतात. धाकट्याने ते तसेच नेले. त्याची फाइल अस्तित्वात नसल्याने, नियमानुसार ती कलाकृती नव्हे, एवढे मी स्पष्ट करू इच्छितो.

राहिली छापील आई. ती न्यायला कुणी आले नाही. टाकून देणेही बरे दिसेना, म्हणून आम्ही ती दाराशी ठेवली. थोड्याच दिवसांत एक गृहस्थ फुलदाण्या बघायला आले आणि तिच्यासमोर थबकले. “ही तर हुबेहूब माझी आई,” ते म्हणाले. आम्हाला शंका आली, तेव्हा त्यांनी मोबाइल काढून, मोबाइलनेच आपणहून गुळगुळीत करून दिलेला आईचा फोटो दाखवला. खरोखर हुबेहूब होती. पाठोपाठ एक बाई आल्या, त्यांचेही तेच. मग भाच्याने आपल्या मोबाइलमधला आईचा फोटो काढून ताडून पाहिला, आणि मोबाइल घाईघाईने खिशात घातला.

आम्ही तिच्याखालची नावाची पट्टी काढून नुसते ‘आई’ असे लावले आहे. आता यंत्र दुसरे काही छापत नाही आणि तरी मागणी पुरी होत नाही. पलीकडच्या शिल्पशाळेनेही आमच्याचकडून फाइल मागवून घेतली.

तेव्हा आपणही अवश्य यावे. येताना आईचा आपल्या मोबाइलमधला सर्वांत आवडता फोटो आणावा. तो आमच्या आईशी तंतोतंत जुळेल, याची हमी संस्था घेते. न जुळल्याची आजवर एकही तक्रार आलेली नाही. विनंती एकच आहे. ज्यांच्या मातोश्री हयात आहेत, त्यांनी त्यांना सोबत आणू नये. प्रत्यक्ष ताडून पाहताना काही तफावत आढळल्यास मूळ वस्तू सदोष समजण्यात येईल.